ओरडणाऱ्या घरातले कान

आमच्या घरात कोणी हळू बोललं तर त्याला ताप आला असं समजतात. मी शाळेत आठवीला गणित शिकवते, म्हणजे दिवसभर वर्गभर पोट्ट्यांच्या वरताण ओरडते. नवरा वीज केंद्रात प्रेशरची गेजं तपासतो. त्याला मशीनच्या बाजूला उभं राहून बोलायची सवय, त्यामुळे तो घरी येऊन "चहा टाक वं" म्हणाला की समोरच्या क्वार्टरमधल्या वहिनीही गॅस पेटवतात. आणि आम्हा दोघांचे गुरू म्हणजे माझे सासरे. त्यांना मी बाबा म्हणते. बाबा जन्मभर कोराडीच्या त्याच वीज केंद्रात टर्बाइनवर होते. कानावर लावायचे मफ मिळायचे, ते त्यांनी एक दिवस लावले नाहीत. "मशीन काय म्हणते ते कानानंच तं समजते. कान झाकून घेतले तं मंग मी तिथं काय शोभेले उभा राहू?" असं त्यांचं म्हणणं. मशीनला जे काय म्हणायचं होतं ते सगळं त्यांनी मन लावून ऐकलं, आणि रिटायर झाल्यावर आमचं ऐकायला कानात काही उरलं नाही.

पण बाबांना कमी ऐकू येतं असं म्हणायची आमच्याकडे कोणाची छाती नव्हती. त्यांच्या मते जगच बिघडलं होतं. "आजकालचे लोकं तोंडातल्या तोंडात बोलतेत," असं ते इतक्या जोरात म्हणत की गेटवरचा दूधवाला "मी नाही जी, मी तं काहीच बोललो नाही" असा खुलासा करून जायचा. त्यांचा टीव्ही असा लागायचा, की शेजारच्या काकूंनी आपला टीव्ही दुरुस्तीला टाकला तेव्हा आपली मालिका भिंतीपलीकडून आमच्याच टीव्हीवर ऐकली. एक दिवस तर येऊन सांगून गेल्या, "आज जरा लवकर लावजो भाऊ, एक तासाचा एपिसोड आहे."

अशा घरात आमची पोट्टी जन्मली, आणि अशा घरात जन्मली म्हणूनच आमची सपशेल फसगत झाली.

तिचा कान पहिल्यांदा दुखला तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. बालरोगतज्ज्ञांनी गुलाबी औषध दिलं, कान बरा झाला. महिन्याभरानं पुन्हा. मग दुसरा कान. मग दोन्ही. फ्रीजच्या दारात गुलाबी बाटल्यांची अशी रांग लागली की पाहुण्यांना वाटायचं आम्ही सरबताचा धंदा काढला. आणि सल्ला देणारे तर विचारूच नका! कॉलनीत प्रत्येक क्वार्टरमध्ये एक कानाचा डॉक्टर बसलेला. कोणी म्हणे ओव्याची पुरचुंडी शेकवा, कोणी म्हणे कांद्याचा रस, कोणी म्हणे दृष्ट काढा. शेजारच्या काकू लसूण कडकवलेलं तेल वाटीत घेऊन दारात. मी म्हटलं, "काकू, डॉक्टरांनी सांगितलंय, कानात काहीही टाकायचं नाही." काकू म्हणाल्या, "अवं, काहीही कुठं टाकून राहिलो? तेलच तं टाकून राहिलो." मी वाटी घेतली आणि ते तेल वांग्याच्या भाजीत घातलं. भाजी छान झाली.

बाबांचा भर कानटोपीवर. हवा लागते, दुसरं काही नाही, हे त्यांचं निदान. मी शाळेत गेले की पोट्टी त्यांच्याकडेच असायची, त्यामुळे तिथे माझं काही चालत नसे. एप्रिल महिना, बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आत कूलर घरघरतोय, आणि त्याच्यासमोर आमची पोट्टी, अंगात फक्त चड्डी आणि डोक्यावर लाल लोकरीची कानटोपी. मी घरी येऊन ती काढायची, बाबा पुन्हा घालायचे. पोट्टीनं मात्र कधी तक्रार केली नाही. तक्रार करायला शब्द लागतात, आणि ते तिच्याकडे नव्हतेच.

सव्वादोन वर्षांची झाली तरी 'दे' आणि 'नाई' या दोन शब्दांवर तिचा सगळा संसार चालला होता. बाबा म्हणायचे, त्यांचा लहान भाऊ चार वर्षांचा होईस्तोवर बोललाच नव्हता, आणि नंतर तो सरपंच झाला. प्लेग्रुपच्या मॅडम म्हणाल्या, "हाक मारली तर लक्ष देत नाही हो." झालं! माझी अशी सटकली की विचारता सोय नाही. मी मॅडमना तिथल्या तिथे सुनावलं, "घरी तर पहिल्या हाकेला वळते! तुमच्या बोलण्यातच दम नसेल." बिचाऱ्या मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. आणि खोटं मी बोलतच नव्हते. घरी पोट्टी खरंच पहिल्या हाकेला वळायची. पण ती हाक कसली, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या घरातली साधी हाक म्हणजे रेल्वे फाटकावरचा भोंगा.

तान्ह्या पोळ्याला कॉलनीच्या मैदानात सगळी लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन उभी होती. स्पीकर सुरू झाला तशी बारकी लेकरं कान झाकून भोकाड पसरायला लागली. आमची पोट्टी स्पीकरच्या खोक्याला टेकून, बैलाच्या तोंडात मुरमुरे कोंबत ढिम्म बसलेली. बाबा सगळ्यांना सांगत फिरले, "पाहा, किती धीट आहे!" मीही मान डोलावली. गणिताची मास्तरीण मी, आणि मला एवढी बेरीज जमली नाही.

आणि एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगते. ती एकदा गेटमधून बाहेर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याकडे निघाली होती. मी स्वयंपाकघरातून तीनदा "थांब" म्हटलं, ती थांबली नाही. मी धावत जाऊन तिला उचललं आणि पाठीत धपाटा घातला. "ऐकू येत नाही का तुला?" असं मी तिला विचारलं. अगदी याच शब्दांत.

अखेर बालरोगतज्ज्ञांनीच आम्हाला धरमपेठेतल्या कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आम्ही सगळे गेलो, कारण आमच्याकडे दवाखान्यात कोणी एकटं जात नाही. हे डॉक्टर कानाचे, आणि बोलणार इतकं हळू की मी आणि नवरा टेबलावर ओणवे झालो. बाबा मागच्या खुर्चीत बसून प्रत्येक वाक्याला "हाव, हाव, बरोबर" म्हणत होते. डॉक्टरांनी विचारलं, "घरी हाक मारली की बघते का?" मी म्हटलं, "बघते की! पहिल्या हाकेला!" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. बाहेर बसलेल्या एका आजोबांनी दार ढकलून विचारलं, "मला बोलावलं का?"

मग पोट्टीच्या कानात एक मऊ रबरी टोक लावून मशीननं पडद्याची तपासणी केली. पडदा नीट हलत असला तर कागदावर डोंगर उमटतो. आमचा कागद सपाट. दोन्ही कानांचा. डॉक्टर म्हणाले, पडद्यामागे पाणी साचून डिंकासारखं घट्ट झालंय, तिला सगळं भिंतीपलीकडून यावं तसं ऐकू येत असणार. तीन महिने वाट पाहिली, मध्ये आणखी दोनदा कान दुखला, कागद पुन्हा सपाट. तेव्हा त्यांनी ऑपरेशनचं नाव काढलं. पडद्याला बारीकशी चीर द्यायची, आतलं पाणी ओढून घ्यायचं, आणि चिरेत साबुदाण्याच्या दाण्याहून बारीक नळी बसवायची. पुढे ती आपोआप गळून पडते. लहान लेकरू म्हणून पूर्ण भूल. "जबरदस्ती नाही," डॉक्टर म्हणाले, "पण हे बोलणं शिकायचं वय आहे. विचार करून सांगा."

विचार करून! आमच्या घरात विचार करतात म्हणजे काय करतात, ते त्यांना काय ठाऊक?

बाबांनी घर डोक्यावर घेतलं. "एवढ्याशा लेकराले बेहोश करतं? कानात पाइप टाकतं? काहून? कानात पाइप टाकायले तो काय नळ आहे?" नवऱ्याला मी विचारलं, "अहो, तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." बाबांनी विचारलं तर म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, त्यांनाही तेच. मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्या डब्यात नुसता भात दिला, वरणाशिवाय.

एका रविवारी सकाळी बाबांनी जाहीर केलं, "डॉक्टरच्या मशीनवर मले भरोसा नाई. मी सोता टेस्ट घेतो." माझ्या पिशवीतला खडू घेऊन त्यांनी व्हरांड्यात तीन रेघा मारल्या, एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर, टेपनं मोजून. पोट्टीला भिंतीकडे तोंड करून बसवलं, पुढ्यात मुरमुऱ्यांची वाटी. नवऱ्याच्या हातात वही दिली. आणि स्वतः तिच्या मागे, पहिल्या रेघेवर, एका हातात स्टीलचं ताट आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन उभे राहिले. चेहरा असा गंभीर, की नवीन टर्बाइनच सुरू करायची आहे.

"हळूच वाजवतो," ते गरजले. "कोणी बोलू नका."

त्यांनी चमचा ताटाला टेकवला. टिण्. पोट्टी मुरमुरे खात होती. बाबांनी मान तिरकी केली, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाजलंच नाई बाप्पा." पुन्हा मारला, जरा जोरात. पोट्टी ढिम्म. "अजून नाई वाजलं." मग आणखी जोरात, मग त्याहून. सहाव्या ठोक्याला घणघणाट झाला, मोरीतलं मांजर पळालं. बाबा म्हणाले, "हां, आता वाजलं!" आणि त्याच ठोक्याला पोट्टीनं मान वळवली.

"पास!" बाबा ओरडले. "लिही!"

दुसऱ्या रेघेवर तेच. चार-पाच ठोके 'वाजले नाहीत', मग एक 'वाजला', आणि पोट्टी वळली. तिसऱ्या रेघेवर पुन्हा तेच. पास, पास, पास. आणि कबूल करते, मीही टाळ्या वाजवल्या. मला ते इतकं हवं होतं की आठवीतलं पोट्टंही पकडेल अशी चूक मी डोळ्यांदेखत होऊ दिली. आता ऑपरेशन नको, भूल नको, काही नको, चला जेवायला, असं मला झालं होतं.

नवऱ्यानं मात्र वही मिटली. "बाबा, पहिल्याच ठोक्याले वाजलं होतं," तो म्हणाला.

"कुठं वाजलं?"

"मले आयकू आलं. हिले आयकू आलं," त्यानं माझ्याकडे मान उडवली.

"मलेबी आलं!" भिंतीपलीकडून काकू.

बाबा हसले. "तुमचे भास आहेत."

नवरा कधी नव्हे तो अडून बसला. म्हणाला, "बाबा, गेज तपासाच्या आधी काय पाहतेत? तुम्हीच शिकवलं मले. ज्या मास्टर गेजशी ताडून पाहाचं, तेच बरोबर आहे का नाई, ते पहिले पाहतेत." आणि मग त्यानं हळूच, म्हणजे आमच्या घरच्या मानानं हळूच, बाबांच्या कानाकडे बोट केलं.

मला वाटलं आता महाभारत होणार. मी पोट्टीला कडेवर घेऊन अंगणात सरकले. पण बाबा ताटाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ताट आपल्या कानाजवळ धरलं आणि चमचा अलगद टेकवला, पहिल्यांदा टेकवला होता तसाच. थांबले. पुन्हा टेकवला. मला अंगणाच्या टोकाला ऐकू येत होतं, टिण्, टिण्, टिण्. मग त्यांनी ताट मोरीत नेऊन ठेवलं आणि आत जाऊन पलंगावर बसले. त्या दिवशी आमच्याकडे टीव्ही लागला नाही. संध्याकाळी काकू घाबऱ्याघुबऱ्या विचारायला आल्या, "भाऊची तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता बाबांनी विचारलं, "मंग कधी नेतं तिले?"

घ्या! इतके दिवस मी बाबांशी भांडत होते, आणि ते हो म्हणाले तशी माझीच पाचावर धारण बसली. आता अडवणारं कोणी उरलं नाही म्हणून मीच अडायला लागले. भूल उतरलीच नाही तर? एवढासा जीव! आधी संक्रांत होऊ द्या, मग होळी होऊ द्या, मग उन्हाळ्यात नको. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, "अहो, एकदा तरी दुसरं काही म्हणा हो!" त्यानं खूप विचार केला आणि म्हणाला, "मले भेव वाटते." मग आम्ही दोघंही भिंतीला टेकून बसलो, आणि मला जरा बरं वाटलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी शाळेतून आले. बाबा झोपले होते. पोट्टी पाठमोरी बसून डबा उघडत होती, बंद करत होती. मी तिच्या मागे, हातभर अंतरावर बसले. घरात इतकं शांत कधी नसतं. मी हळू आवाजात तिचं नाव घेतलं. मग म्हटलं, "बिस्किट खायचं?" मग म्हटलं, "मी तुला मारलं ना त्या दिवशी. चुकलं माझं. तुला ऐकू आलं नव्हतं, आणि मी तुला मारलं." ती डबा उघडत राहिली, बंद करत राहिली. बिस्किटासाठी जीव टाकणारी माझी पोट्टी. मी तिथेच बसून रडून घेतलं, आणि उठून डॉक्टरांना फोन लावला.

ऑपरेशनच्या सकाळी तिला काही खायला-प्यायला द्यायचं नव्हतं. डब्याकडे हात करून "दे! दे! दे!" असा तिनं जो सूर लावला, तो कोराडीपासून धरमपेठेपर्यंत गाडीत अखंड. तिच्यासमोर खायचं नाही म्हणून नवऱ्यानं संडासात लपून पोहे खाल्ले. बाबांनी चहासुद्धा घेतला नाही. "लेकरू उपाशी आहे आन् मी काय चहा ढोसू?" मी म्हटलं, "बाबा, तुमचं ऑपरेशन नाही." ते म्हणाले, "हाव, हाव, बरोबर," म्हणजे त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

संमतीच्या कागदावर मी सही केली. पोट्टीला आत नेलं तेव्हा ती सिस्टरच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून "नाई! नाई!" करत होती. दार लागलं. बाहेर आम्ही तिघं ओरडणारे बाकावर बसलो. शंभरदा घड्याळ पाहिलं. पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण माझा जीव टांगणीला लागलेला.

मग डॉक्टर बाहेर आले, काहीतरी म्हणाले. आम्ही तिघंही एकदम ओरडलो, "काय?" ते दचकले आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले असतील, "झालं! छान झालं! जा, तिच्याजवळ जा!"

आत पोट्टी भुलीतून जागी होत होती. डोळे मिटलेले, नाक लाल, आणि तोंड उघडून तिनं भोकाड पसरलं. मी तिला उचलून घेतलं. आणि रडता रडता ती मध्येच गप्प झाली. डोळे उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कोण रडतंय ते शोधायला. कोणी दिसेना. मग तिनं बारीकसं "आं?" करून पाहिलं. थांबली. पुन्हा "आं?" आणि मग तो आपलाच आवाज आहे हे कळल्यासारखं तिनं असं दणदणीत भोकाड पसरलं की सिस्टर धावत आल्या. "ताई, चूप करा ना तिले." मी म्हटलं, "रडू द्या हो! तुमच्या पाया पडते, रडू द्या तिला." आणि मीही तिच्या जोडीला लागले. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

बाबा दारातच उभे होते, पलंगापासून दोन पावलांवर. ते पोट्टीच्या उघड्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "रडून राहिली का वं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"जोरात?"

मी पुन्हा मान हलवली. ते आणखी जवळ आले, वाकले, तिच्या तोंडापाशी कान नेला, आणि तसेच थांबले. पोट्टीचं रडणं तोवर बारीक हुंदक्यांवर आलं होतं. बाबा सरळ झाले आणि म्हणाले, "मले नाई आयकू येऊन राहिलं."

हे त्यांनी आयुष्यात कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते इतक्या हळू की माझ्यापर्यंतही जेमतेम आलं. पण त्या हळू आवाजासरशी पोट्टीनं माझ्या खांद्यावरून मान वळवली आणि आजोबांकडे पाहिलं.